एकाच कानाला कमी ऐकू येत असेल तर…



वय झाले की कान जायचेच, असे आपण सगळे म्हणतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने "काय म्हणालास?" असे दोनदा विचारले तर घरात कोणाला नवल वाटत नाही. नातवंडे मोठ्याने बोलायला शिकतात, टीव्हीचा आवाज वाढतो आणि दिवस पुढे जातात. म्हातारपणी ऐकू कमी येणे ही खरोखरच साधी गोष्ट आहे. पण तिचा एक नियम आहे आणि तो प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. वय आपल्या दोन कानांत भेदभाव करीत नाही. वयामुळे जी श्रवणशक्ती जाते ती दोन्ही कानांची जाते, जवळजवळ बरोबरीने आणि हळूहळू. मुंबईच्या गिरणीत किंवा इथल्या कापड कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात ज्यांनी उभे आयुष्य घालवले, त्यांचेही बहुधा दोन्ही कान सारखेच अधू झालेले असतात. म्हणून एक कान धड आणि दुसरा मात्र मागे पडत चालला असेल, तर "वय झाले" हे उत्तर पुरेसे नाही. कारण शोधले पाहिजे.

हे कारण बहुतेक वेळा किरकोळ निघते. कानात मळ साचलेला असतो, सर्दीने पडद्यामागे पाणी धरलेले असते, लहानपणी कान वाहत असे त्याची जुनी खूण असते, किंवा कानाच्या आतल्या भागाचा एखादा विकार असतो. पण क्वचित, अगदी क्वचित, त्यामागे एक छोटी गाठ असते. डॉक्टर तिला अकूस्टिक न्यूरोमा किंवा व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. दर लाख माणसांमागे वर्षाला एकदोघांना ती होते असे वैद्यकाच्या पुस्तकांत दिलेले असते; अलीकडे मेंदूच्या तपासण्या वाढल्यामुळे लहान गाठीही सापडतात, म्हणून काही देशांत हा आकडा थोडा वर गेला आहे. ती बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान सापडते, पण त्यापुढच्या वयातही सापडते. या गाठीचे निदान कसे होते, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

गाठ, पण कोणती?

आपल्या मराठीत "गाठ" म्हटले की काळजात धस्स होते. डोक्यात गाठ आहे असे कळले तर माणूस मृत्युपत्राचाच विचार करू लागतो. घरातले दार लावून हळू आवाजात बोलतात, आणि शेजारीपाजारी कळू नये म्हणून आजार लपवून ठेवतात. हिब्रूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही आपल्याला माहीत हवेत. गाठ 'ममीर' असेल तर ती कॅन्सरची. 'शपीर' असेल तर ती सौम्य. डॉक्टर घाईघाईने बोलत असले तरी त्यांना थांबवून विचारावे : शपीर की ममीर? आपण ज्या गाठीविषयी बोलत आहोत ती शपीर आहे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही आणि बहुधा फार संथ वाढते.

तरीसुद्धा 'सौम्य' म्हणजे बिनमहत्त्वाची असा अर्थ नव्हे. पाठीवर एखादे आवाळू पंचवीस वर्षे असते, ते कोणाला त्रास देत नाही, कारण तिथे वाढायला जागा आहे. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तिच्यात रिकामी जागा फारशी नाही. तिथे आवळ्याएवढी गाठ झाली तर कोणाला तरी दाबणारच. म्हणून ती लहान असतानाच सापडली तर बरे.

ती असते कुठे?

आतल्या कानापासून मेंदूकडे एक मज्जातंतू जातो. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी हा आठवा. त्याचे दोन भाग आहेत : एक भाग आवाज नेतो, दुसरा शरीराच्या तोलाची बातमी नेतो. हे दोन्ही भाग हाडातल्या एका बोळकांडीतून जातात. ही बोळकांडी साधारण एक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पाव इंच रुंद असते. त्याच बोळकांडीतून, अगदी खेटून, सातवा मज्जातंतूही जातो. चेहरा हलवणे, डोळा मिटणे, हसणे, ही कामे त्याची.

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते तसे मज्जातंतूवर विशिष्ट पेशींचे वेष्टण असते. थिओडोर श्वान या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. तोल सांभाळणाऱ्या भागावरच्या या पेशी जरुरीपेक्षा जास्त वाढू लागल्या की ही गाठ होते. म्हणजे जुने नाव, अकूस्टिक न्यूरोमा, खरे तर दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. गाठ ऐकण्याच्या तंतूवर उगवत नाही, आणि ती तंतूची नसून त्याच्या वेष्टणाची आहे. पण नाव रूढ झाले ते झाले. कागदावर दोन्हीपैकी कोणतेही दिसले तरी आजार एकच, हे लक्षात असू द्या.

आता एक प्रश्न साहजिक आहे. गाठ तोलाच्या तंतूवर होते, मग आधी ऐकू का कमी येते? उत्तर असे. बोळकांडी अरुंद, त्यामुळे शेजारच्या ऐकण्याच्या तंतूवर आणि कानाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिनीवर दाब पडतो. ऐकण्याच्या बाबतीत मेंदू ही तूट भरून काढू शकत नाही. तोलाचे तसे नाही. तोल सांभाळायला दुसरा कान आहे, डोळे आहेत, पायाच्या तळव्यांना जमिनीचा अंदाज आहे. गाठ इतकी संथ वाढते की मेंदू या तिघांच्या मदतीने काम चालवून घेतो. म्हणून या आजारात घर फिरल्यासारखी जोराची चक्कर फारशी येत नाही. येते ती थोडी डगमग : अंधारात न्हाणीघराकडे जाताना, खडबडीत रस्त्यावर, किंवा चटकन वळताना झोक जातो. तसे होण्याचे कारण, अंधारात डोळ्यांची मदत सुटते.

लक्षणे कोणती?

बहुतेक सर्व रोग्यांना, शंभरात नव्वदांहून अधिक जणांना, एका कानाने ऐकू कमी येते. बरेचदा त्याच कानात आवाज येत राहतो : रातकिड्यासारखा, शिट्टीसारखा किंवा प्रेशर कुकरच्या वाफेसारखा. काहींना कानात दडे बसल्यासारखे वाटते. तिसरे लक्षण म्हणजे वर सांगितलेली डगमग. गाठ मोठी होऊन बोळकांडीबाहेर आली की चेहऱ्याच्या त्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येऊ शकतात. क्वचित चेहऱ्याची एक बाजू कमजोर होते. फारच मोठी झाली तर मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडतो आणि डोकेदुखी, उलटी, अंधूक दिसणे, चालताना पाय अडखळणे, विसराळूपणा अशी लक्षणे दिसतात. वृद्ध माणसात ही शेवटची लक्षणे "म्हातारचळ" म्हणून सोडून दिली जातात, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम केला.

एक गोष्ट वेगळी आणि तातडीची. काही वेळा ऐकू येणे हळूहळू नव्हे तर एकदम जाते. माणूस सकाळी उठतो आणि एक कान बंद. हा मळ असेल, उद्या पाहू, असे म्हणून चार दिवस काढू नयेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो नसेल तर मियूनमध्ये जावे. अशा वेळी स्टिरॉइड औषध जितके लवकर सुरू होईल तितकी श्रवणशक्ती परत येण्याची आशा जास्त. आणि औषधाने कान सुधारला तरी पुढची तपासणी टाळू नये, कारण मुळाशी गाठ असतानाही औषधाने तात्पुरता गुण येऊ शकतो.

घरच्या घरी काय पाहावे?

दोन कान असल्यामुळे एका कानाची तूट लवकर ध्यानात येत नाही. चांगला कान दुसऱ्याचे काम करून टाकतो. म्हणून कधी कधी मुद्दाम पाहावे लागते. त्याला यंत्र नको.

टेलिफोन एकदा उजव्या कानाला लावा, एकदा डाव्या. आवाज सारखाच येतो का? शब्द सारखेच कळतात का? एका कानाला आवाज तर येतो, पण शब्द फुटून येतात, असे होते का? नुसत्या मोठ्या-लहान आवाजापेक्षा हे शब्द न कळणे जास्त महत्त्वाचे आहे.

रात्री कुशीवर झोपताना चांगला कान उशीत गेला की घड्याळाची टिकटिक किंवा पावसाचा आवाज नाहीसा होतो का?

कोणी हाक मारली तर ती कोणत्या बाजूने आली हे कळते का? आवाजाची दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात. एक कान गेलेला माणूस हाक ऐकतो, पण भलतीकडे पाहतो. रस्ता ओलांडताना बस कोणीकडून येते आहे हे कळले नाही तर त्यात जिवाचा धोका आहे.

आणि घरच्यांनीही पाहावे. आमच्या ओळखीच्या एका बाई, वय पंचाहत्तर, सिनेगॉगमध्ये नेहमी अशी जागा धरीत की सगळ्या बायका त्यांच्या डावीकडे येतील. फोन उजव्या हाताने उचलून डाव्या कानाला लावीत. त्यांना स्वतःला यात काही वेगळे वाटत नव्हते. सुट्टीला आलेल्या मुलीने दोन दिवस पाहिले आणि विचारले, "आई, तुझा उजवा कान काय म्हणतो?" तिथून तपासणी सुरू झाली. पुढे त्यांचे काय झाले ते खाली येईलच.

डॉक्टरला कसे सांगावे?

आपल्यापैकी पुष्कळांची अडचण आजार नव्हे, हिब्रू ही असते. बाजारहाट करण्यापुरती हिब्रू येते, पण दवाखान्यात दहा मिनिटांत आपले दुखणे नेमके सांगता येत नाही. रोफे मिश्पाखाला नुसते "मला ऐकू येत नाही" म्हटले तर तो आपल्या वयाकडे पाहतो आणि मान डोलावतो. म्हणून महत्त्वाचा शब्द पहिल्याच वाक्यात आला पाहिजे : "राक बे-ओझेन अखात", म्हणजे फक्त एकाच कानात. पुरुषांनी म्हणावे, "आनी शोमेआ पाखोत, राक बे-ओझेन अखात." बायकांनी 'शोमेआ'च्या जागी 'शोमाअत' म्हणावे. मग बाजू सांगावी : यामीन म्हणजे उजवा, स्मोल म्हणजे डावा.

कानात आवाज येत असेल तर त्याला 'तिन्तोन' म्हणतात. जोराची चक्कर म्हणजे 'स्खारखोरेत'. तोल जाणे म्हणजे 'खोसेर यत्सिवूत'. आपण मराठीत दोन्हींना सरसकट "चक्कर" म्हणतो, पण डॉक्टरच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पुढचा मार्ग त्यावर ठरतो. घर फिरते की आपण डगमगतो, हे आधी स्वतःशी नीट ठरवून मगच सांगा. हे शब्द कागदाच्या चिठ्ठीवर लिहून न्यायला काहीच हरकत नाही. शक्य असेल तर मुलगा किंवा मुलगी सोबत न्यावी. डॉक्टर आपल्याला आफ-ओझेन-गारोन, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवील. तो प्रथम कानात पाहतो आणि मळ किंवा पडद्याचा दोष आहे का ते तपासतो. मग सूरकाट्याने, म्हणजे दोन दात्यांचा तो धातूचा चिमटा वाजवून, दोष बाहेरच्या कानात आहे की आतल्या तंतूत, याचा पहिला अंदाज घेतो.

ऐकण्याची तपासणी आणि आपली भाषा

त्यानंतर येते 'ब्दिकात श्मिआ'. आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात. बारीक-जाड सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. त्याचा आलेख निघतो, त्यात दोन कानांच्या दोन रेघा असतात. वयामुळे कमी ऐकू येत असेल तर दोन्ही रेघा जोडीने खाली उतरतात. एकीकडची रेघ दुसरीपेक्षा ठळकपणे खाली असेल, विशेषतः बारीक, उंच सुरांत १० ते १५ डेसिबलहून जास्त फरक असेल, तर डॉक्टर सावध होतो.

याच तपासणीचा दुसरा भाग शब्दांचा. यंत्रातून एकेक शब्द ऐकू येतो आणि तो आपण म्हणून दाखवायचा असतो. या गाठीत एक विशेष गोष्ट दिसते. सूर बऱ्यापैकी ऐकू येतात, पण शब्द मात्र ओळखता येत नाहीत. आवाज कानापर्यंत पोहोचतो, पण दबलेल्या तंतूतून मेंदूकडे जाताना त्याचा विचका होतो.

इथे आपल्या लोकांनी एक काळजी घ्यावी. हे शब्द हिब्रू असतात. ज्याची हिब्रू कच्ची आहे तो चांगल्या कानानेही काही शब्द चुकणारच, कारण माहीत नसलेला शब्द ओळखता येत नाही. अशा वेळी निकाल वाईट दिसतो आणि तो कानाचा दोष की भाषेचा, हे कळत नाही. म्हणून तपासणी सुरू होण्यापूर्वीच सांगावे की माझी मातृभाषा मराठी आहे. आणि निकालात एकट्या कानाच्या गुणांपेक्षा दोन कानांतला फरक विचारावा. भाषा दोन्ही कानांना सारखीच कच्ची असते. तेव्हा एका कानाने वीसपैकी सोळा शब्द आले आणि दुसऱ्याने सात, तर तो दोष हिब्रूचा नव्हे, कानाचा.

ऐकण्याचे यंत्र विकत घेण्यापूर्वी ही सर्व तपासणी झालेली असावी. यंत्र आवाज मोठा करते. आवाज का कमी झाला हे ते सांगत नाही.

'बेरा' नावाची आणखी एक तपासणी आहे. तीत डोक्याला तारा लावून, कानात टकटक आवाज सोडून, तो मेंदूपर्यंत किती वेळात पोहोचतो हे मोजतात. मोठ्या गाठी तीत कळतात, पण एक सेंटिमीटरहून लहान गाठ कधी कधी सुटते. म्हणून आज शेवटचा शब्द एम.आर.आय.चा.

एम.आर.आय. म्हणजे काय?

ही तपासणी क्ष-किरणांनी नव्हे तर मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने होते. ती रुग्णालयात असेल तर कुपात होलीमची मंजुरी, म्हणजे 'तोफेस १७', आधी घ्यावी लागते. माणसाला बोगद्यासारख्या यंत्रात निजवतात. तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. यंत्र ठोकाठोक केल्यासारखा मोठा आवाज करते, म्हणून कानात बोळे देतात. दुखत काही नाही. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आधी सांगावे, त्यांना शांत करणारे औषध देता येते.

काही गोष्टी आधी सांगणे अत्यंत जरूर आहे. हृदयाला पेसमेकर, म्हणजे 'कोत्सेव लेव', बसवलेला असेल, डोक्यात किंवा शरीरात धातूची चिमटी असेल, डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल, तर ते लपवू नये. बांगड्या, साखळी आणि श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते. बऱ्याचदा हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाचे द्रव्य देतात. त्याला हिब्रूत 'खोमेर निगूद' म्हणतात. त्यामुळे गाठ चित्रात पांढरीशुभ्र उठून दिसते आणि दोन-तीन मिलिमीटरची गाठही सापडू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे आधी सांगावे. त्यासाठी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी करतात. हे द्रव्य न देताही कानाच्या भागाची अतिशय बारीक कापांची चित्रे घेता येतात.

चित्रात ही गाठ ओळखण्याची एक गमतीची खूण डॉक्टर सांगतात : आइस्क्रीमचा कोन. हाडातल्या बोळकांडीतला भाग कोनासारखा निमुळता आणि बाहेर आलेला भाग वरच्या गोळ्यासारखा. त्याच जागी दुसऱ्या काही सौम्य गाठीही होतात, उदाहरणार्थ मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा. पण त्यांचा आकार आणि बसण्याची तऱ्हा वेगळी असते. म्हणून बहुधा तुकडा काढून तपासण्याची गरज पडत नाही; चित्रावरूनच निदान होते.

आणि हेही ध्यानात ठेवा : एका कानाने कमी ऐकू येते म्हणून ज्यांची एम.आर.आय. होते, त्यांतल्या शंभरातल्या फार थोड्यांना, एक ते पाच जणांना, गाठ निघते. बाकीच्यांचे चित्र स्वच्छ असते. तपासणीला जाताना मनात भीतीच धरून जाण्याचे कारण नाही.

लहानपणी डोक्याला किरण दिले असतील तर

इस्राएलमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पन्नासच्या दशकात इथे आलेल्या हजारो मुलांना डोक्यातल्या गजकर्णासाठी, ज्याला इथे 'गझेझेत' म्हणतात, क्ष-किरणांचा उपचार दिला गेला. त्यांत बहुसंख्य मुले उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेली होती. पुढे त्यांतल्या सुमारे ११ हजार जणांचा अभ्यास झाला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की त्यांच्यात मेंदूच्या आवरणाच्या आणि मज्जातंतूंच्या वेष्टणाच्या गाठी इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होत्या. १९९४ साली या लोकांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला. आपल्या घरांत आता मोरोक्कोचे व्याही आहेत, इराकच्या सुना आहेत. ज्यांना असा उपचार झाला होता त्यांनी तो डॉक्टरला आवर्जून सांगावा.

बाकीच्यांच्या बाबतीत ही गाठ का होते याचे एकच कारण दाखवता येत नाही. मोबाइल फोनमुळे होते असा ठाम पुरावा मिळालेला नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती आनुवंशिक नसते, त्यामुळे मुलांना होईल ही चिंता नको. एक दुर्मीळ आनुवंशिक प्रकार आहे, पण त्यात दोन्ही कानांच्या तंतूंवर गाठी होतात आणि त्या बहुधा तरुणपणीच दिसतात.

पूर्वी काय होते?

हॉलंडमधील लायडन येथे एडुआर्ड सांडिफोर्ट यांनी १७७७ साली एका मृत शरीरात ही गाठ पाहून तिचे वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ ती मृत्यूनंतरच सापडत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया होऊ लागल्या, पण रोगी तेव्हा येत तो जवळजवळ आंधळा होऊन, पाण्याने फुगलेल्या मेंदूने, आणि शस्त्रक्रियेत बहुतेक दगावत. अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठीवर मोठा ग्रंथ लिहिला. लक्षणांचा क्रम कसा असतो, हे त्यांनी नीट मांडले. शस्त्रक्रियेतील मृत्यूही त्यांनी पुष्कळ कमी केले. साठच्या दशकात लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र लावून हाड कोरत गाठीपर्यंत जाण्याची रीत काढली. १९७१ साली सी.टी. स्कॅनने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र दिसले, आणि ऐंशीच्या दशकात एम.आर.आय. आली. आज अनुभवी हातांत या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे.

कुशिंग यांच्या काळात शेवटची लक्षणे पाहून निदान होत असे. आज पहिल्या लक्षणावर निदान होऊ शकते. मात्र ते पहिले लक्षण डॉक्टरपर्यंत पोहोचवायचे काम आजही रोग्याचेच आहे. तिथे कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही.

गाठ निघाली तर?

घाबरून त्याच आठवड्यात निर्णय घ्यायची गरज सहसा नसते. मार्ग तीन आहेत.

पहिला, 'माआकाव', म्हणजे लक्ष ठेवणे. गाठ लहान असेल आणि रोगी वृद्ध असेल तर बहुधा हाच मार्ग सांगतात. सुरुवातीला सहा महिने ते वर्षाने, नंतर जास्त अंतराने, पुन्हा एम.आर.आय. करतात. पुष्कळ गाठी वर्षानुवर्षे वाढतच नाहीत; वाढतात त्या सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर. या काळात ऐकू येणे मात्र आणखी कमी होऊ शकते, हे आधी समजून घ्यावे.

दुसरा, नेमक्या जागी किरण देणे. कवटी न उघडता, बहुधा एकाच बैठकीत, बारीक किरण सर्व बाजूंनी गाठीवर एकवटतात. गाठ नाहीशी होत नाही, पण दहांपैकी नऊ जणांहून अधिकांची वाढ थांबते.

तिसरा, शस्त्रक्रिया. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा मेंदूला दाबत असेल तर हाच मार्ग. शेजारचा चेहऱ्याचा तंतू जपणे हे त्यातले सर्वात नाजूक काम. गाठ जितकी लहान तितका तो वाचण्याची शक्यता अधिक. अशा वेळी डॉक्टरला विचारावे : ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षातून किती करता? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे.

वर सांगितलेल्या बाईंची गाठ नऊ मिलिमीटरची निघाली. पहिल्या रात्री घरात कोणी जेवले नाही. आता तीन वर्षे झाली, गाठ तेवढीच आहे. उजव्या कानाचा आवाज डाव्या कानाकडे पोहोचवणारे यंत्र त्या वापरतात, रात्री न्हाणीघरात दिवा चालू ठेवतात, आणि रस्ता ओलांडताना दोनदा मान वळवून पाहतात. सिनेगॉगमध्ये अजूनही त्याच जागेवर बसतात, फक्त आता त्यांच्या डावीकडे का बसायचे ते सगळ्या बायकांना माहीत आहे. आजार लपवला नाही, याचा हा फायदा.

वाचकहो, या आठवड्यात फोन एकदा या कानाला आणि एकदा त्या कानाला लावून पाहा. घरात आणखी कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्याकडूनही करवून घ्या. दोन्हीकडे सारखे ऐकू आले तर उत्तम. नाही आले तर रोफे मिश्पाखाची वेळ घ्या, आणि खोलीत शिरताच ते चार शब्द आधी म्हणा : राक बे-ओझेन अखात.